एखादी प्रोग्रॅमिंग भाषा किती चांगली, हे तिच्या कंपायलरच्या (लिहिलेला कोड चालवता येईल अशा रूपात बदलणाऱ्या प्रोग्रॅमच्या) वेगावरून ठरवता येतं का?

थोडंफार येतं. पण ‘वेग’ म्हणजे कुणाचा? कंपायलर आपलं काम किती झटपट उरकतो हा एक वेग, आणि त्याने बनवलेला प्रोग्रॅम किती जोरात पळतो हा दुसरा. या दोघांचं सहसा आपसात पटत नाही. ऑप्टिमायझेशन (प्रोग्रॅम वेगवान करण्यासाठी कंपायलर करतो त्या सुधारणा) बंद ठेवलं की जीसीसी हा सी भाषेचा कंपायलर पटकन मोकळा होतो, पण प्रोग्रॅम रेंगाळतो.

शिवाय कंपायलर म्हणजे भाषा नव्हे. मायक्रोसॉफ्टने मार्च २०२५ मध्ये टाइपस्क्रिप्ट या भाषेचा कंपायलर ‘गो’ भाषेत नव्याने उतरवत असल्याचं जाहीर केलं. त्यांच्याच आकड्यांनुसार व्हीएस कोड या एडिटरचा सुमारे १५ लाख ओळींचा कोड तपासायला जुना कंपायलर ७७.८ सेकंद घ्यायचा, नवा ७.५ सेकंद घेतो. भाषा होती तीच. मग टाइपस्क्रिप्ट एका दिवसात दहापट चांगली झाली का?

मला स्वतःला वेगळाच प्रश्न महत्त्वाचा वाटतो: या वेगातला किती भाग भाषेच्या नियमांमुळे आहे? तेवढा मात्र खुशाल भाषेच्या खात्यात मांडा. गोमध्ये पॅकेज (तयार कोडचा गठ्ठा) इम्पोर्ट करून, म्हणजे आपल्या कोडमध्ये मागवून, वापरलं नाही तर कोड कंपाइलच होत नाही, आणि दोन पॅकेजेसना एकमेकांना इम्पोर्ट करता येत नाही. जाच वाटतो (मी अजूनही वैतागतो), पण कंपाइल झटपट होतं त्यात या शिस्तीचा मोठा वाटा आहे. सी++मध्ये हेडरचा (अनेक फाइल्सना लागणाऱ्या सामायिक घोषणांच्या फाइलचा) मजकूर प्रत्येक फाइलमध्ये जसाच्या तसा ओतला जातो, म्हणून तीच हजारो ओळींची पारायणं पुन्हा पुन्हा होतात. त्यावरचा उपाय, मॉड्यूल्स (एकदाच कंपाइल करून पुन्हा वापरता येणारे कोडचे भाग), थेट सी++२० या २०२० च्या आवृत्तीत आला. रस्ट कंपाइल व्हायला मंद म्हणून लोक बॉरो चेकरला (मेमरी सुरक्षितपणे वापरली जाते का हे तपासणाऱ्या भागाला) शिव्या घालतात, पण बहुतेकदा खरा वेळ जातो तो जेनेरिक कोडच्या (अनेक प्रकारच्या डेटासाठी एकदाच लिहिलेल्या कोडच्या) प्रत्येक टाइपसाठी वेगळ्या प्रती काढण्यात आणि नंतर त्या सगळ्या एलएलव्हीएम या मशीन कोड (प्रोसेसरला कळणाऱ्या सूचना) बनवणाऱ्या यंत्रणेतून नेण्यात.

तयार प्रोग्रॅमच्या वेगाचंही तसंच. फोरट्रानमध्ये सबरूटीनला (प्रोग्रॅमच्या छोट्या उपभागाला) दिलेल्या दोन अ‍ॅरेंपैकी (डेटाच्या रांगांपैकी) एकात लिहायचं असेल, तर ते मेमरीत एकमेकांवर चढलेले नसावेत, असा भाषेचाच नियम आहे. त्यामुळे कंपायलर निर्धास्तपणे लूपमधल्या (पुन्हा पुन्हा चालणाऱ्या भागातल्या) कामांचा क्रम उलटसुलट करतो. सीमध्ये दोन पॉइंटर (मेमरीतल्या जागेचे पत्ते) एकाच जागेकडे बोट दाखवत असतील ही धास्ती कायम. ती घालवायला ‘रिस्ट्रिक्ट’ हा शब्द सीच्या १९९९ च्या अधिकृत मानकात आणावा लागला, आणि तोही प्रोग्रॅमरने आठवणीने लिहायचा.

तुम्ही शिकण्यासाठी भाषा निवडत असाल, तर हे सगळं सोडून द्या, छोट्या प्रोग्रॅमला फरक जाणवतच नाही. मोठ्या प्रोजेक्टसाठी असेल, तर अख्ख्या बिल्डचा (सगळा कोड कंपाइल करून प्रोग्रॅम तयार करण्याचा) वेळ मोजू नका. एक ओळ बदलून पुन्हा बिल्ड करा आणि तो वेळ मोजा, कारण दिवसभर तेच करायचं असतं. रस्टवाले तर तेवढ्यासाठीही थांबत नाहीत. ते ‘कार्गो चेक’ ही आज्ञा चालवतात, त्यात तुमच्या कोडचा मशीन कोड बनतच नाही, फक्त चुका कळतात.