रांजण रिकामा राहू दे

पोरी,

परवा फोनवर नीट बोलता आलं नाही, म्हणून लिहायला बसले.

पहिली ते सातवीची पोरं मिसळून पाच गट केलेस, त्यांना नद्यांची नावं दिलीस, दर शनिवारी सेवाकार्य ठेवलंस, आणि गणपती होईतो सगळं विस्कटलं. मोठी पोरं हुकूम सोडतात, धाकटी रडतात, पालक म्हणतात, 'शिकायला धाडलंय, झाडलोटीला नाही.' आता पुन्हा इयत्तेप्रमाणे गट करणार म्हणतेस. करू नकोस.

गट चुकलेले नाहीत, काम चुकलंय. तुझा शनिवार काय, तर परिसर स्वच्छता, घोषवाक्यं, फेरी, आणि केंद्रप्रमुखांना फोटो. अगं, मैदान शुक्रवारीच झाडलेलं होतं! पोरांना कळतं ते. खोट्या कामात सातवीच्या पोरानं हुकूम सोडायचा नाही तर करायचं काय? काम खरं असू दे. ते राहिलं तर कुणाचं तरी अडलं पाहिजे.

कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये साताऱ्यात बोर्डिंग काढलं. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी बोर्डिंगच्या पोरांसाठी मंगळसूत्र विकलं, भाषणांत आपण दरवर्षी तिथपाशी डोळे पुसतो. पण तिथली सगळ्या जातींची पोरं स्वतः रांधत होती. भाकरी झाली नाही तर सगळेच उपाशी, मग कोण थोरला नि कोण कुठल्या जातीचा! डहाणूजवळच्या कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी पाळणाघर, बालवाडी आणि शाळा एकाच आवारात आणली, कारण कडेवरचं भावंड खाली ठेवल्याशिवाय थोरलीला शाळेत येताच येत नव्हतं. अडलेल्या कामातून आलेलं आहे हे सगळं.

माझं सांगते. दुष्काळी माण तालुक्यातल्या शाळेत होते, टँकरचा उन्हाळा होता. गावात तीन म्हाताऱ्या एकट्या राहायच्या. एका गटाला एक घर दिलं. सातवीकडे कळशी, चौथीकडे चरवी, पहिलीकडे तांब्या. दार वाजवून 'आजी, पाणी' म्हणायचा मान तांब्यावाल्याचा. आठवड्याभरात सातवीची दांडगी पोरं पहिलीच्या चालीनं चालायला लागली, कारण घाई केली की तांब्या हिंदकळायचा. हे मी शिकवलं नव्हतं.

मग वार्षिक परीक्षा आली आणि एक गट दोन दिवस गेलाच नाही. अंधार पडल्यावर मीच दोन कळश्या नेऊन रांजणात ओतल्या. पोरांना बोलले नाही. पुढच्या आठवड्यात दुसरा गट गेला नाही. का जाईल? रांजण तर भरलेलाच होता. जूनमध्ये गट मोडले आणि मी अहवालात 'पालकांचा प्रतिसाद अल्प' असं लिहून मोकळी झाले. साफ खोटं.

म्हणशील, म्हातारीला तहानलेली ठेवायची होती का? नाही. मी गेले ते बरोबरच केलं, आजही म्हणेन. पण पोरांची दारं वाजवून, त्यांना रांजणाचा तळ दाखवून, मग त्यांच्यासोबत पाणी न्यायला हवं होतं. पालक भांडले असते. चार इयत्ता एकटीच्या गळ्यात, वर बदलीची टांगती तलवार... जाऊ दे. तुलाही इयत्ता काही कमी नाहीत, आणि तू अजून शिक्षणसेवक आहेस, नोकरी कायम व्हायचीय.

तुमच्या परसबागेतली मेथी खिचडीत पडते, की तपासणीपुरतीच हिरवी असते? एकेक वाफा एकेका गटाला दे. ज्यांनी पाणी घातलं नाही त्यांचा वाफा सुकू दे, आणि त्या दिवशी सगळ्या शाळेला भाजीविना खिचडी वाढ. ओरडू नकोस. आणि संध्याकाळी गुपचूप झारी घेऊन जाऊ नकोस! तुला मी ओळखते, तू जाशील. काम खरं असू दे म्हणजे ते बिघडूही दे.

गटप्रमुखपदावरून काढलेल्या त्या सातवीतल्या पोरीला परत घे. तिची शिट्टी तेवढी काढून घे आणि हातात झारी दे. कुठल्या वाफ्यापासून सुरुवात करायची ते पहिलीतल्या रडक्या पोराला ठरवू दे. पालक आले तर त्यांना खुर्ची दे, चहा दे, पण गट मोडायचं वचन देऊ नकोस.

दिवाळीच्या सुटीत पाणी कोण घालणार, ते पोरांनाच ठरवू दे. तू इकडे ये. चकल्या करतेय. सुटी संपेपर्यंत शाळेकडे फिरकायचं नाही.

तुझ्या,
बाई