वाचकांचे प्रश्न : खवा भट्टी, गोबरगॅस आणि घरच्या विजेचे अनुदान

प्रश्न : माझा मुलगा जर्मनीत नोकरीला आहे. त्याच्या घरमालकाच्या तळघरात गॅसवर चालणारे एक यंत्र असून त्यातून वीजही मिळते आणि घर तापवायला गरम पाणीही मिळते, शिवाय त्यासाठी सरकार पैसे देते, असे तो सांगतो. आमच्याकडे बारा म्हशी आहेत आणि घरालगत खव्याची भट्टी आहे, तिला लाकूड लागते. गोबरगॅसवर असे यंत्र बसवले तर आपल्याकडे अनुदान मिळेल का?
– एक वाचक, भूम तालुका, जि. धाराशिव

उत्तर : घराच्या मापाच्या अशा यंत्रासाठी म्हणून आपल्याकडे स्वतंत्र योजना नाही. मात्र तुमच्या गरजेचे दोन भाग केले, तर दोन वेगळ्या योजनांतून बरेच काही पदरात पडू शकते.

परदेशात अशा यंत्रांना पैसे कशासाठी दिले जातात, ते आधी पाहावे लागेल. जपानने 2009 मध्ये घरगुती इंधनघटांची (गॅस न जाळता रासायनिक क्रियेने वीज आणि उष्णता देणाऱ्या यंत्रांची, म्हणजे फ्युएल सेलची) विक्री सुरू झाली तेव्हा खरेदीवरच मोठे अनुदान दिले आणि यंत्राची किंमत उतरू लागली तसे ते घटवत नेले. ब्रिटनने 2010 पासून 2 किलोवॉटपर्यंतच्या यंत्रांना तयार झालेल्या विजेच्या प्रत्येक युनिटमागे दर दिला. नव्या अर्जदारांसाठी ती योजना 2019 मध्ये बंद झाली. जर्मनीत दोन्ही वाटा होत्या : 2016 पासून इंधनघटाच्या खरेदीला मदत आणि त्याखेरीज कायद्याने ठरवलेला, यंत्रमालकाला विजेच्या युनिटमागे मिळणारा जादा मोबदला. 2020 च्या दुरुस्तीनुसार 50 किलोवॉटपर्यंतच्या नव्या यंत्राला हा मोबदला पूर्ण क्षमतेच्या 30,000 तासांपर्यंत मिळतो. या तासांतच सगळी मेख आहे. जिथे वर्षातले सहा-सात महिने घर तापवावे लागते तिथे यंत्र हजारो तास चालते आणि विजेबरोबर निघणारी उष्णता वाया जात नाही. आपल्याकडे घरात उष्णता लागते ती अंघोळीच्या पाण्याला. 100 लिटर पाणी 25 अंशांनी तापवायला जेमतेम 3 युनिट उष्णता पुरते (उष्णताही इथे विजेच्याच युनिटात, म्हणजे किलोवॉट-तासात मोजली आहे). उन्हाळ्यात 42 अंशांच्या दुपारी तर तीही नको असते. म्हणून त्यांच्या अनुदानाची नक्कल मराठवाड्यातल्या साध्या घरासाठी करणे मला सयुक्तिक वाटत नाही.

तुमचे घर मात्र साधे नाही, कारण तिथे भट्टी आहे, आणि भट्टीला बारमाही उष्णता लागते. तेव्हा हिशेब मांडून पाहू. बारा म्हशींचे रोजचे शेण सुमारे 150 किलो धरले, तर त्यातून साधारण 6 घनमीटर गॅस मिळेल आणि त्यात सुमारे 36 युनिट उष्णता असेल. आता 100 लिटर दुधाचा खवा करायचा म्हणजे जवळपास 80 लिटर पाणी आटवायचे. त्याला आणि दूध उकळीला आणायला मिळून 55 युनिटांहून अधिक उष्णता प्रत्यक्ष दुधात उतरावी लागते, कढईभोवती वाया जाणारी वेगळीच. म्हणजे सगळा गॅस थेट चुलीत जाळला तरी लाकूड पूर्ण सुटणार नाही.

हाच गॅस इंजिनात घातला तर काय होईल? लहान इंजिन इंधनातल्या उष्णतेचा पाचवा ते चौथा हिस्साच विजेत बदलते. रोज 8 युनिट वीज मिळाली तरी समाधान मानावे. उरलेल्या उष्णतेचा बराच भाग इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्यात 80-85 अंशांवर येतो. त्यावर दूध 75 अंशांपर्यंत तापवता येईल, कॅन धुता येतील, पण खवा आटणार नाही, कारण त्याला उकळीच हवी. शिवाय गोबरगॅसमधला हायड्रोजन सल्फाइड नावाचा वायू काढून टाकला नाही, तर तो इंजिन कुरतडतो.

उलट, छतावरचे 2 किलोवॉटचे सौर पॅनेल आपल्या भागात सरासरी तेवढीच, म्हणजे रोज 8 युनिटच्या आसपास वीज देते आणि त्याला पीएम सूर्यघर योजनेतून 60,000 रुपये मिळतात. 3 किलोवॉट किंवा अधिक असल्यास 78,000. ही मदत फक्त घरगुती जोडणीला आहे. भट्टीचे मीटर व्यावसायिक असेल, तर त्यावर ती मिळणार नाही, याची खातरजमा महावितरणच्या बिलावरून करून घ्यावी.

गोबरगॅस चुलीसाठी ठेवावा. राष्ट्रीय जैवऊर्जा कार्यक्रमाच्या 2022 च्या मार्गदर्शक सूचनांत 6 घनमीटरच्या संयंत्राला सर्वसाधारण गटासाठी 22,750 रुपये केंद्रीय साहाय्य ठरले होते. अनुसूचित जाती-जमातींसाठी ते अधिक होते. त्या कार्यक्रमाचा पहिला टप्पा 2025-26 पर्यंतचा होता, त्यामुळे चालू वर्षाचा दर आणि जिल्ह्याचे उद्दिष्ट जिल्हा परिषदेच्या कृषी विभागात विचारावे, आणि मंजुरी हाती येण्याआधी खड्डा खणू नये.

गोबरगॅसपासून विजेसाठीही त्याच कार्यक्रमात मदत होती, पण ती 3 ते 250 किलोवॉटच्या प्रकल्पांना आणि 25 घनमीटरांहून मोठ्या संयंत्रांना. त्याला रोज सहाशे किलोंहून अधिक शेण हवे, म्हणजे पन्नासेक जनावरे. गावातल्या चार-पाच भट्टीवाल्यांनी किंवा दूध संकलन केंद्राने मिळून असा प्रकल्प केला, तर विजेवर दूध थंड ठेवता येईल आणि इंजिनाचे गरम पाणीही वाया जाणार नाही. ती चौकशी महाऊर्जाकडे, म्हणजे राज्याच्या ऊर्जा विकास अभिकरणाकडे करावी. शेण रोज कोण आणणार आणि स्लरी (गॅस निघाल्यावर उरलेला शेणकाला) कोण नेणार, हे मात्र अर्जाच्या आधी लिहून ठरवावे, कारण सामायिक गोबरगॅस बहुधा यंत्रापायी नव्हे, तर याच वादापायी बंद पडतो.

प्रश्न : साखर कारखान्यांना सहवीजनिर्मितीसाठी सरकार मदत करते, मग घरांना का नाही?
– एक वाचिका, लातूर

उत्तर : कारखान्याला रस आटवायला गाळपाचा संपूर्ण हंगाम वाफ लागतेच, आणि जळण म्हणून उसाचा भुसा जागेवरच असतो. त्याच वाफेतून आधी वीज काढली, तर उरलेली वीज एका मीटरवर मोजून विकता येते. केंद्राच्या 2018 च्या योजनेत अशा प्रकल्पांना अतिरिक्त विजेच्या क्षमतेवर मेगावॉटमागे 25 लाख रुपये साहाय्य होते. हजारो घरांतली लहान यंत्रे तपासणे, मोजणे आणि दुरुस्त ठेवणे याचा खर्च त्या मानाने फार येतो. तरीही वसतिगृहे, रुग्णालये आणि दूध शीतकरण केंद्रे, जिथे गरम पाणी रोज लागते, त्यांच्यासाठी वापरलेली उष्णता मोजून अनुदान देणारी योजना असावी, ही तुमची अपेक्षा असेल, तर ती रास्तच आहे.