ग्रॅव्हल विकून रोड बाईक घेऊ का?

प्रश्न : मी कोथरूडला राहतो, वय ४२, वजन ७५. दोन वर्षं ग्रॅव्हल बाईक (कच्च्या-पक्क्या दोन्ही रस्त्यांवर चालणारी रुंद टायरची सायकल) चालवतोय, ४० एमएमचे नॉबी म्हणजे खडबडीत उंचवट्यांचे टायर, पुढे पेडलपाशी एकच ४० दातांची चेनरिंग, मागे ११ ते ४२ दातांची चक्रं. रविवारच्या ग्रुपमध्ये बाकी सगळे रोड बाईकवाले (डांबरी रस्त्यासाठीच्या बारीक टायरच्या सायकली), सपाट रस्ता लागला की मी मागे पडतो. यंदा पहिली २०० किलोमीटरची बीआरएम (ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची लांब पल्ल्याची सायकल राइड) करायचीय. ही विकून रोड बाईक घेऊ का?

उत्तर : एवढ्यात विकू नका हो. तुम्ही मागे पडताय त्यात सायकलपेक्षा टायरचा हात जास्त आहे. चांगल्या डांबरावर नॉबी टायरचा घूंऽऽ असा आवाज येत असेल बघा, रबराचा प्रत्येक उंचवटा दबतो, वाकतो, सुटतो आणि त्यात पायातली ताकद वाया जाते. त्याच चाकांवर ३२ चे स्लिक म्हणजे गुळगुळीत टायर टाका, पण आधी दुकानात रिमची रुंदी दाखवून घ्या, काही ग्रॅव्हल रिम एवढ्या रुंद असतात की ३५ च घ्यावे लागतात. हवा ठरवताना रिमवर आणि टायरवर लिहिलेली मर्यादा ओलांडायची नाही.

गिअर कमी पडतोय असं वाटत असेल तर तेही नाही, ४०-११ वर (पुढे ४०, मागे ११ दात) ९० च्या केडन्सने, म्हणजे मिनिटाला पेडलचे ९० फेरे मारून, ताशी सुमारे ४२ किलोमीटर वेग मिळतो, एवढा आपण रविवारी किती वेळ टिकवतो? आणि बोपदेव किंवा खंबाटकी घाटाच्या चढाला तुमचा ४०-४२ चा गिअर रोड बाईकच्या ३४-३२ पेक्षा हलका आहे, गुडघे दुवा देतील. वजनाचं म्हणाल तर माणूस आणि सायकल धरून ८५ किलोत दीड किलो कमी झालं तर अर्ध्या तासाच्या चढावर जेमतेम अर्धं मिनिट वाचतं. सपाटीला खरा विरोध हवेचा. स्टेमखालचा (हँडलबार धरणाऱ्या तुकड्याखालचा) एखादा स्पेसर, म्हणजे कडी, काढून वर ठेवा म्हणजे हँडलबार खाली येईल, कोपरं वाकवून चालवा आणि पुढच्याच्या मागे चिकटून राहायला शिका.

बीआरएम २०० ला साडेतेरा तास असतात, म्हणजे थांबे धरून ताशी १५ ची सरासरी. तिथे वेळ जातो तो मिसळ आणि चहाच्या टपरीवर, आणि रुंद टायरमुळे दीडशे किलोमीटरनंतर हात-पाठ कमी दुखते ते वेगळंच.

हां, टायर बदलून महिना-दोन महिने चालवल्यावरही ग्रुप ताशी ३२-३५ ने जातो आणि तुम्हाला त्याच वेगाची मजा हवीय असं वाटलं तर घ्या रोड बाईक, बिनधास्त घ्या. फक्त ३२ चा टायर बसेल अशी फ्रेम, डिस्क ब्रेक आणि मागे ३४ दातांचं मोठं चक्र बघून घ्या, आपल्या खड्ड्यांत २५ च्या टायरचं काही खरं नाही. आणि घरात जागा असेल तर ग्रॅव्हल तेव्हाही ठेवा, पावसाळ्यात पानशेतकडे जायला तीच काढाल.