मोटर राहू द्या, आधी जॉब कार्डावरची तारीख बघा

साताऱ्याहून एका वाचकाचा मेल आलाय, तीन पानी. गाडीच्या ड्रायव्हर साइडच्या काचेची मोटर गेली, पुण्यातल्या अधिकृत वर्कशॉपमध्ये ११ सप्टेंबर २०२३ ला नवी बसवली, मजुरीसकट ५,८४० रुपये, बिलावर पार्टला सहा महिन्यांची वॉरंटी. ३ फेब्रुवारी २०२४ ला ती नवी मोटरही बंद. ५ तारखेला गाडी नेली तर सर्व्हिस ॲडव्हायझरनं 'बाहेरून सेंट्रल लॉक बसवलंय, वायरिंगला हात लागलाय, वॉरंटी मिळणार नाही' असं जॉब कार्डावर, म्हणजे वर्कशॉपच्या कामाच्या नोंदीच्या कागदावर, लिहून परत पाठवलं. मग व्हॉट्सॲप, मेल, कस्टमर केअर, १९१५ या नंबरची सरकारी ग्राहक हेल्पलाइन. टोलनाक्यावर फास्टॅग अडकला की दर वेळी दार उघडून बोलायचं. शेवटी जुलै २०२४ मध्ये गावातल्या गॅरेजवाल्याकडून २,६५० ला दुसरी मोटर टाकून घेतली. आता विचारतायत ग्राहक कोर्टात जाता येईल का, आणि दोन लाख भरपाई मिळेल का.

असे मेल मला सारखे येतात, फक्त मोटरच्या जागी कधी एसीचा कॉम्प्रेसर असतो कधी क्लच प्लेट. सेवेतली त्रुटी म्हणजे काय, ग्राहक म्हणजे कोण, हे आता सगळ्यांना पाठ आहे, त्यात वेळ घालवत नाही.

दादा, तीन पानांत तुम्ही काचेचा आवाज कसा यायचा, कुठल्या मॅनेजरनं फोन उचलला नाही, सगळं लिहिलंत आणि ज्या एका तारखेवर केस उभी राहणार की झोपणार ती दुसऱ्या पानाच्या तळाशी कंसात टाकलीत. आज १२ जानेवारी २०२६ आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ चं कलम ६९ सांगतं की तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार दाखल व्हायला हवी. मोटर बंद पडली तो दिवस धरला तर ३ फेब्रुवारीला दोन वर्षं होतात, नकाराचा दिवस धरला तर ५ ला. मी तुमच्या जागी असते तर यातला एकही दिवस धरला नसता, ३० जानेवारीचा शुक्रवार हीच शेवटची तारीख मानली असती, कारण तक्रार दाखल करायची साइट शेवटच्या दिवशी हमखास रुसते आणि मध्ये २६ जानेवारीची सुट्टी जोडून येतेय.

आणि तुम्ही जे 'दीड वर्ष सतत पाठपुरावा करतोय' असं अभिमानानं लिहिलंय ना, त्याचा मुदतीसाठी काहीही उपयोग नाही. पत्रं लिहीत राहिल्यानं, मेल टाकत राहिल्यानं मुदत वाढत नाही. १९१५ वर तक्रार नोंदवली म्हणूनही घड्याळ थांबत नाही, ती हेल्पलाइन म्हणजे ग्राहक आयोग, तुम्ही ज्याला ग्राहक कोर्ट म्हणता ते, नव्हे. समोरच्यानं मुदतीचा मुद्दा काढला नाही तरी आयोगाला तो स्वतःहून तपासावा लागतो, सुप्रीम कोर्टानं २००९ मध्ये स्टेट बँक विरुद्ध बी. एस. ॲग्रिकल्चरल इंडस्ट्रीज या केसमध्ये हे स्पष्ट सांगितलंय, तेव्हा जुना कायदा होता पण नव्या कलमाची भाषा जवळपास तीच आहे. तुमच्या नोव्हेंबर २०२४ च्या मेलला वर्कशॉपनं दिलेलं 'आम्ही बघतो' हे उत्तर म्हणजे जबाबदारी कबूल केली, म्हणून मुदत वाढली, असं कुणी धरेल असं मला वाटत नाही. उशीर माफ होऊ शकतो, कलमात तशी सोय आहे, पण त्याला सबळ कारण लागतं आणि 'कंपनीशी बोलणं चालू होतं' हे कारण ऐकून ऐकून आयोगाचे कान किटलेत.

म्हणून कुणी सल्ला देईल की आधी वकिलाची नोटीस पाठवा, पंधरा दिवस वाट बघा, तर ते या वेळी ऐकू नका. ग्राहक तक्रारीआधी नोटीस पाठवलीच पाहिजे असं कायद्यात कुठेही नाही. पाठवायचीच हौस असेल तर तक्रार दाखल झाल्यावर पाठवा.

आता खरी गोम. वर्कशॉपचा वकील पहिल्याच लेखी उत्तरात म्हणणार, तक्रारीचं कारण ११ सप्टेंबर २०२३ ला घडलं, काम त्या दिवशी झालं, म्हणजे मुदत गेल्या सप्टेंबरमध्येच संपली. आणि त्याला हा मुद्दा तुम्हीच हातात देताय, कारण तुमच्या मसुद्यात पहिली ओळच अशी आहे की 'वर्कशॉपनं दाराच्या आतली शीट परत चिकटवली नाही'. ते खरं असेलही. गॅरेजवाल्यानं डोअर पॅड, म्हणजे दाराचं आतलं आवरण, काढलं तेव्हा आतली पॉलिथिनची शीट एका कोपऱ्याला लोंबकळत होती, काळा गम सुकून मातीनं माखलेला, आणि मोटरच्या कपलरच्या, म्हणजे वायर जोडायच्या प्लगच्या, पिना हिरव्या पडलेल्या, असं तुम्ही लिहिलंय. दाराच्या आत पाणी जातंच, ते काचेवरून खाली उतरून तळाच्या भोकांतून बाहेर पडायचं असतं, शीट असते ती पाण्यानं केबिनच्या बाजूला येऊ नये म्हणून, हे कुठलाही मेकॅनिक सांगेल. पण शीट चिकटवली नाही हीच मुख्य तक्रार केलीत तर चूक ११ सप्टेंबरची ठरते आणि तुम्ही स्वतःच्या पायानं मुदतीबाहेर जाता. तक्रार अशी मांडा की वॉरंटी चालू होती, ११ मार्च २०२४ पर्यंत होती, तिच्या आत मोटर गेली आणि ५ फेब्रुवारीला खोटं कारण देऊन वॉरंटी नाकारली, हीच त्रुटी. शीट आणि हिरवा कपलर हे पुढे येऊ दे, वायरिंगमुळे मोटर जळली हे कारण खोटं कसं याचा पुरावा म्हणून. गोष्ट तीच राहते, पण तारीख बदलते. तरी सोबत उशीर माफीचा अर्ज, शपथपत्रासह, सावधगिरी म्हणून जोडून ठेवा, काही वकील म्हणतात त्यानं उशीर मान्य केल्यासारखं होतं, मला तसं वाटत नाही, 'उशीर झालेला नाही, तरी आयोगाला वाटल्यास' अशी भाषा वापरली की झालं.

सेंट्रल लॉकचं म्हणाल तर तुम्ही ते २०२२ मध्येच बसवलं होतं. मग सप्टेंबर २०२३ ला मोटर बसवताना त्यांनी ते पाहिलं नाही का? त्या दिवसाचं जॉब कार्ड काढा. त्यावर वायरिंगबद्दल एक शब्द नसेल आणि बिलावर सहा महिन्यांची वॉरंटी छापून दिली असेल, तर पाच महिन्यांनी सेंट्रल लॉक आठवलं कसं हे त्यांनी सांगायचंय. उलट तिथं 'वायरिंग बाहेरचं, वॉरंटी नाही' असं लिहून खाली तुमची सही असेल, तर मात्र अवघड आहे, आणि सही करताना वाचलं नव्हतं हे मला सांगू नका.

पुराव्याचं मात्र तुम्ही मातेरं केलंत. जुनी मोटर भंगारात दिली! अहो, दोष कशामुळे हे ठरवायला आयोग वस्तू लॅबला पाठवू शकतो, कलम ३८ मध्ये ती सोय आहे, पण पाठवायला वस्तू तर हवी. सातशे ग्रॅमची मोटर पिशवीत घालून माळ्यावर टाकायला काय हरकत होती? आता उरलाय तो गॅरेजवाला. त्यानं काय पाहिलं याचं त्याचं शपथपत्र घ्या, त्याचं बिल घ्या, आणि दार उघडल्यावर त्यानं काढलेला फोटो त्याच्या फोनमधून मूळ फाइल म्हणून घ्या, व्हॉट्सॲपवरून आलेला बारीक फोटो नको. सोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं, प्रमाणपत्र जोडा, आधी ज्याला ६५ ब म्हणायचे ते. ग्राहक आयोगात पुराव्याचे नियम इतके काटेकोर लावत नाहीत, तरी जोडा.

बाकीचं थोडक्यात. तुम्ही साताऱ्यात राहता, तक्रार साताऱ्याच्या जिल्हा आयोगात करता येते, बिलावर 'पुणे न्यायक्षेत्र' छापलंय त्यानं घाबरू नका. मोबदला पाच लाखांच्या आत असल्यानं फी शून्य, इथं गाडीची किंमत बघायची नाही, बिलाची रक्कम बघायची. ई-जागृती पोर्टलवर घरबसल्या दाखल होते, वकील लागतोच असं नाही, आणि खरं सांगायचं तर ५,८४० रुपयांसाठी मला फी देणं तुम्हाला परवडणार नाही. गाडी बनवणाऱ्या कंपनीला पक्षकार करायला हरकत नाही, पण फार आशा ठेवू नका, गोव्यातल्या एका गाडीच्या प्रकरणात २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टानं डीलरच्या कृत्याची जबाबदारी कंपनीवर टाकायला नकार दिला होता, कंपनीला ते माहीत होतं हे सिद्ध झालं नव्हतं म्हणून. बिल मेहुण्यांच्या नावावर का आहे ते कळलं नाही, त्यांनाही तक्रारदार म्हणून घ्या.

दोन लाखांचं विसरा. दोन्ही बिलं, थोडी मनस्तापाची भरपाई, थोडा खर्च, आयोग साधारण तेवढंच देतं. कायदा म्हणतो तीन महिन्यांत निकाल, तपासणी लागली तर पाच. माझ्याकडे एक साधी वॉशिंग मशीनची तक्रार आहे, तिसरं वर्ष चालू आहे आणि गेल्या दोन तारखा फक्त सदस्याची जागा रिकामी म्हणून पुढे गेल्या. फक्त समोरच्यानं ४५ दिवसांत लेखी उत्तर दिलं नाही तर त्याचा हक्क जातो, २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठानं हे पक्कं केलंय, ती तारीख तेवढी डायरीत लिहून ठेवा.

आणि गॅरेजवाल्याला आजच फोन करा. जुलै २०२४ चा फोटो आहे, त्यानं मधल्या काळात फोन बदलला नसेल अशी आशा करू.