परवानाधारकांचे प्रश्न : अंगावरची जास्तीची सहा काडतुसं

या खेपेला नाशिक आणि आसपासच्या तालुक्यांतून आलेली बहुतेक पत्रं एकाच विषयाची आहेत. सिलिंडरमध्ये, म्हणजे रिव्हॉल्वरच्या फिरत्या नळकांड्यात, भरलेली काडतुसं सोडून जी आपण बरोबर बाळगतो, ती किती असावीत, कुठे असावीत आणि कशी ठेवावीत? खालची उत्तरं परवानाधारकांसाठी आहेत आणि .32 बोअरचं, सहा घरांचं (सिलिंडरमध्ये काडतूस बसायच्या सहा जागांचं) रिव्हॉल्वर गृहीत धरून दिली आहेत.

प्रश्न : कांद्याच्या व्यवहारातली रोकड घेऊन संध्याकाळी घरी येतो. कानपूरचं .32 रिव्हॉल्वर आहे. परवान्यावर 25 काडतुसं मंजूर आहेत, म्हणून सगळी बरोबरच ठेवतो. यात काही चूक आहे का? (व्यापारी, लासलगाव)

परवान्यावर काडतुसांचे दोन आकडे असतात. एक, एका वेळी जवळ बाळगायची कमाल संख्या आणि दुसरा, वर्षभरात विकत घ्यायची कमाल संख्या. पहिल्या आकड्यात घर, दुकान, गाडी आणि अंगावरची अशी सगळी काडतुसं धरली जातात. तेव्हा 25 पर्यंत तुम्ही नियमातच आहात. तरीही सगळी बरोबर नेऊ नका. सहा सिलिंडरमध्ये, सहा अंगावर आणि उरलेली घरी कुलपात, एवढंच पुरेसं आहे.

जास्तीची सहा ठेवायची ती मुख्यतः भरलेल्यांपैकी काही फुसकी निघाली तर हाताशी असावीत म्हणून. त्यामुळे दोन्ही सहांसाठी एकाच डब्यातली काडतुसं घेऊ नका. वेगवेगळ्या वेळी खरेदी केलेल्या दोन डब्यांतून घ्या. एका डब्याला ओल लागली असेल किंवा ती खेपच खराब असेल, तर दुसरी सहा तरी चालतील. लांबलचक गोळीबाराची तयारी मनात असेल तर ती काढून टाका. भारतीय न्याय संहितेच्या कलम 34 ते 44 मध्ये स्वसंरक्षणाचा हक्क आहे, पण धोका टळला की तोही संपतो. हल्लेखोर पळत असताना पुन्हा भरून झाडलेली गोळी या हक्कात बसवणं फार कठीण.

25 काडतुसं खिशात घेऊन फिरण्यातला खरा धोका मोजणीचा आहे. बारा काडतुसं सकाळी निघताना आणि रात्री परतल्यावर सहज मोजली जातात. 25 कोणी रोज मोजत नाही, आणि मग एखादं रिक्षाच्या सीटवर राहून जातं. परवान्यावर दुकानदाराने खरेदीची नोंद केलेली असते. तपासणीत हिशेब जुळला नाही तर उत्तर तुम्हालाच द्यावं लागतं.

रिव्हॉल्वर जुनं असेल आणि घोडा खाली असताना फायरिंग पिन (काडतुसावर आदळणारी सुई) प्रायमरला (काडतुसाच्या बुडातल्या फुटणाऱ्या टिकलीला) टेकत असेल, तर ते पाचच काडतुसांवर चालवा. घोड्याखालचं घर रिकामं ठेवा. तुमचं रिव्हॉल्वर कोणत्या प्रकारचं आहे, हे परवानाधारक दुरुस्तीवाल्याकडून एकदा तपासून घ्या.

प्रश्न : मी पायजमा-सदरा घालतो. काडतुसं सदऱ्याच्या खिशात सुटी ठेवतो. चामड्याचा काडतूस-पट्टा घेऊ का? (द्राक्ष बागायतदार, पिंपळगाव बसवंत)

सुटी अजिबात ठेवू नका. सदऱ्याच्या खिशात किल्ल्या, सुटे पैसे, तंबाखूची पुडी, द्राक्षाच्या डिपिंगची भुकटी, सगळं एकत्र असतं. काडतुसाच्या बुडाच्या कडेला अर्धा मिलिमीटर जरी कचरा चिकटला, तरी ते घरात पूर्ण बसत नाही. एक काडतूस वर राहिलं की सिलिंडर बंद होत नाही, झालंच तर फिरत नाही. शिवाय घाईत खिशातून मूठ बाहेर येते ती दोन काडतुसं, एक नाणं आणि किल्ली घेऊन.

चामड्याचा पट्टा घ्या, पण काडतुसं त्यात महिनोन्‌महिने ठेवू नका. कमावलेल्या चामड्यातली आम्लं आणि तेलं पितळेवर चढतात आणि हिरवट, मेणचट थर धरतो. पितळेच्या भांड्यात ताक ठेवलं की कळकतं, त्याचीच ही बहीण. पट्ट्यातून एक काडतूस उपसून खिडकीच्या उजेडात फिरवून पाहा. ज्या जागी चामड्याची कडी आवळलेली असते, तिथे बारीक हिरवं कडं दिसेल. नखाने खरवडलं तर साबणासारखं निघतं. हा थर घराच्या भिंतीला घासतो आणि काडतूस अडकतं. म्हणून पट्टा फक्त बाहेर पडताना भरा आणि घरी आल्यावर रिकामा करा. काडतुसं कोरड्या सुती फडक्याने पुसून मूळ डब्यात ठेवा. ती चकचकीत करायला पितांबरी, चिंच, ब्रासो यातलं काहीही लावू नका.

रबरी स्पीड स्ट्रिप हा आमच्या मते तुमच्यासाठी त्याहून चांगला पर्याय. बोटाएवढी रुंद पट्टी असते, सहा काडतुसं बुडाच्या कडेने त्यात एका ओळीत बसतात. भरलेल्या पट्टीचं वजन साधारण 60-70 ग्रॅम, आणि ती चपटी असल्याने बंडीच्या आतल्या खिशात बाहेरून कळतही नाही. घेताना बोअर पाहून घ्या. .38 च्या काडतुसाच्या बुडाची कड सुमारे 11.2 मिलिमीटर असते, .32 स्मिथ अँड वेसन लाँगची सुमारे 9.5. त्यामुळे .38 च्या पट्टीत .32 ची काडतुसं ढिली बसतात आणि चालता चालता गळतात. भरलेली पट्टी उलटी धरून दहा वेळा झटका. एकही पडता कामा नये.

ज्या हाताने काडतुसं भरता, त्याच बाजूला आणि कायम त्याच खिशात पट्टी ठेवा. त्या खिशात दुसरं काही ठेवू नका.

प्रश्न : टॉप-ब्रेक रिव्हॉल्वरला गोल स्पीडलोडर (सहाही काडतुसं एकदम भरायचं साधन) चालेल का? पुन्हा भरताना कधीकधी रिव्हॉल्वर बंदच होत नाही, असं का होतं? (निवृत्त जवान, देवळाली)

आधी दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर, कारण तो जास्त गंभीर आहे.

टॉप-ब्रेकमध्ये नळी खाली मोडली, म्हणजे बिजागरीवर खाली वाकवली, की सिलिंडरच्या मध्यातली चांदणी, म्हणजे एक्स्ट्रॅक्टर, वर उचलला जातो आणि सहाही पुंगळ्या, म्हणजे झाडलेल्या काडतुसांची रिकामी कवचं, एकदम वर येतात. चांदणी शेवटपर्यंत गेली की झटकन मागे बसते. रिव्हॉल्वर आडवं धरून हळूहळू उघडलं, तर एखादी पुंगळी बाहेर न पडता चांदणीच्या खाली घसरते. चांदणी तिच्यावर बसते आणि रिव्हॉल्वर बंद होत नाही. जोर लावून बंद करायला जाल तर चांदणीचा दांडा वाकेल. अशा वेळी नळी पुन्हा पूर्ण मोडा, अंगठ्याने चांदणी वर उचलून धरा आणि अडकलेली पुंगळी नखाने ओढून काढा. याला दहा-पंधरा सेकंद जातात, म्हणून चूक होऊच न देणं बरं.

क्रम असा ठेवा. ट्रिगरवरून बोट बाहेर काढा. नळीचं तोंड आभाळाकडे करा. अंगठ्याने खटका दाबा आणि दुसऱ्या हाताने नळी एकाच झटक्यात शेवटपर्यंत मोडा, म्हणजे पुंगळ्या स्वतःच्या वजनाने खाली पडतील. मग नळीचं तोंड जमिनीकडे वळवा आणि भरा. पट्टीतली दोन काडतुसं शेजारच्या दोन घरांत अर्धी सरकवा आणि पट्टी बाजूला सोलल्यासारखी ओढा. दोन-दोन-दोन अशी सहा भरतात. सगळी बुडं एका पातळीत आहेत ना, हे अंगठा फिरवून पाहा आणि मगच बंद करा. बंद करताना मनगटाने झटका मारू नका. सिनेमात दिसतो तसा झटका रोज मारला की बिजागरी आणि खटका ढिला पडतो. नळी हाताने वर आणा आणि खटका बसल्याचा आवाज ऐका.

टॉप-ब्रेक अर्धवट भरता येत नाही, हेही लक्षात ठेवा. दोन गोळ्या झाडून पूर्ण उघडलं, तर चार जिवंत काडतुसंही दोन पुंगळ्यांबरोबर जमिनीवर पडतात. कानपूरच्याच ‘प्रबल’सारख्या, सिलिंडर बाजूला निघणाऱ्या रिव्हॉल्वरमध्ये मात्र दांडा थोडासाच दाबून फक्त रिकाम्या पुंगळ्या वेचता येतात आणि पट्टीतली दोन काडतुसं घालता येतात. ज्यांच्याकडे टॉप-ब्रेक आहे, त्यांनी जास्तीची काडतुसं सहापेक्षा कमी ठेवण्यात अर्थ नाही.

स्पीडलोडरचं म्हणाल तर घरांमधलं अंतर प्रत्येक मॉडेलचं वेगळं असतं. ‘.32, सहा घरं’ एवढं लिहिलेलं असलं म्हणून तो तुमच्या सिलिंडरवर बसेलच असं नाही. आपलं रिकामं रिव्हॉल्वर आणि प्लास्टिकची डमी काडतुसं घेऊन बसवून पाहिल्याशिवाय विकत घेऊ नका. शिवाय तो सिलिंडरएवढाच जाड असतो, शर्टाखालून फुगवटा दिसतो. तुमच्यासाठी पट्टीच बरी.

सराव नेहमी डमीवर करा. खोलीत एकही जिवंत काडतूस नसावं. ती दुसऱ्या खोलीत कुलपात ठेवल्यावरच डमी बाहेर काढा.

प्रश्न : दुकानात “.32 ची काडतुसं” मागितली, तर आखूड काडतुसं दाखवली. रिव्हॉल्वरमध्ये नीट बसली. वापरू का? (वाचक, नाशिक रोड)

मुळीच वापरू नका. परवान्यांवर आणि बोलण्यात नुसतं ‘.32’ म्हणतात, पण त्या नावाची दोन वेगळी काडतुसं इथे मिळतात. रिव्हॉल्वरचं आहे .32 स्मिथ अँड वेसन लाँग. त्याच्या बुडाला ठळक कड असते आणि गोळीसकट लांबी साधारण 32.5 मिलिमीटर. पिस्तुलाचं आहे .32 एसीपी, लांबी साधारण 25 मिलिमीटर, कड नावालाच आणि तिच्यावर खाच.

एसीपी काडतूस रिव्हॉल्वरच्या घरात बहुतेक वेळा सरकतं, आणि धोका तिथेच आहे. अमेरिकी मानकानुसार लाँगचा कमाल दाब 15,000 पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड), तर एसीपीचा 20,500. म्हणजे एक तृतीयांशाहून जास्त वाढ. टॉप-ब्रेकचा सगळा ताण एका खटक्यावर असतो, त्याला हा जास्तीचा दाब सोसायचा नाही. आणि बारीक कडेमुळे काडतूस आत घसरून प्रायमर नीट न फुटण्याची भीती वेगळीच.

डब्यावरचं पूर्ण नाव वाचा आणि काडतुसाच्या बुडावरचा शिक्काही पाहा. ‘केएफ’ हा शिक्का पुण्याच्या खडकी कारखान्याचा. पण तो फक्त कुठे बनलं ते सांगतो, जात सांगत नाही. जात लांबी आणि कड पाहूनच ठरवा. घरात पिस्तूल आणि रिव्हॉल्वर दोन्ही असेल, तर दोन्हींची काडतुसं वेगवेगळ्या रंगाच्या डब्यांत, वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवा.

प्रश्न : सप्तशृंगी, सापुतारा, त्र्यंबक असं फिरणं असतं. रिव्हॉल्वर आणि काडतुसं कुठे नेता येत नाहीत? (वाचक, दिंडोरी)

पहिल्यांदा परवान्यावरचं क्षेत्र वाचा. फक्त महाराष्ट्रापुरता परवाना असेल, तर हतगड ओलांडून सापुताऱ्याच्या बाजूला गेलात की तो चालत नाही. रिव्हॉल्वर घरी ठेवलं आणि पट्टी बंडीत राहिली, तरी गुन्हा होतोच. नुसती काडतुसंही परवान्याशिवाय बाळगता येत नाहीत.

विशेष परवानगीशिवाय जत्रा, धार्मिक मिरवणूक, सार्वजनिक जमाव आणि शाळा-महाविद्यालयाच्या आवारात शस्त्र न्यायचं नाही, ही परवान्याचीच अट आहे. म्हणजे सप्तशृंगीची चैत्रातली यात्रा, गणपतीची मिरवणूक आणि सिंहस्थात रामकुंड आणि त्र्यंबकेश्वरची गर्दी, सगळं यात येतं. अटीचा भंग झाला तर शस्त्र कायद्याच्या कलम 30 खाली सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

सार्वजनिक जागी रिव्हॉल्वर किंवा पिस्तूल होल्स्टरमध्ये, पूर्ण झाकलेलं आणि तुमच्या ताब्यात असावं, असं 2016 चे शस्त्र नियम सांगतात. म्हणून कमरेला दिसेल असं लटकवणं चूक. काडतुसं गाडीच्या डॅशबोर्डात ठेवून, गाडी चालकावर सोडून चहाला जाणंही चूक, कारण तेवढा वेळ ती विनापरवाना माणसाच्या हाती असतात.

ओझरहून विमानाने निघायचं असेल, तर आदल्या रात्री बॅगेचे सगळे कप्पे उलटे करून झटका. शिवणीत अडकलेलं एकच विसरलेलं काडतूस एक्स-रेमध्ये दिसतं आणि विमान तर चुकतंच, पुढे पोलीस ठाणंही लागतं.

प्रश्न : दसऱ्याला रिव्हॉल्वर आणि काडतुसांची पूजा करतो. हळद-कुंकवाने काही बिघडतं का? (सराफ बाजार, नाशिक)

पूजा जरूर करा, पण काडतुसांवर हळद-कुंकू आणि पाणी घालू नका. कुंकवाची भुकटी प्रायमरच्या कडेच्या बारीक फटीत जाते, पाणी त्यातून आत मुरतं. भुकटी चांदणीखाली बसली तर चांदणी वरच राहते. रिव्हॉल्वर रिकामं करा, तपासा, पाटावर स्वच्छ फडक्यावर ठेवा. गंध-अक्षता होल्स्टरला वाहा. काडतुसं डब्यातच राहू द्या, कुंकू डब्याच्या झाकणाला लावा.

पूजेनंतर हवेत गोळी झाडायची पद्धत घरात असेल, तर ती आजच बंद करा. 2019 च्या दुरुस्तीनंतर, समारंभात बेदरकारपणे गोळी झाडून इतरांचा जीव धोक्यात घातला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. वर गेलेली गोळी कुठेतरी खाली येतेच.

प्रश्न : चार वर्षांची जुनी काडतुसं आहेत, दोन पावसाळे पट्ट्यात गेले. ठेवू की टाकू? (वाचक, इगतपुरी)

इगतपुरीचा पाऊस पाहता ती अंगावर ठेवू नका. तपासून घ्या. प्रत्येक काडतूस काचेवर उभं करा. डुगडुगलं तर प्रायमर वर आलेला आहे आणि तो सिलिंडर अडवेल. मग नळी सुरक्षित दिशेला धरून, रिकाम्या रिव्हॉल्वरच्या सहाही घरांत प्रत्येक काडतूस टाकून पाहा. बोटाने न ढकलता ते आत गेलं पाहिजे. ही तपासणी करताना बोट ट्रिगरजवळही नको. हिरवं, चेपलेलं किंवा सैल गोळीचं काडतूस बाजूला काढा. गंजरोधक स्प्रे कधीच मारू नका, पातळ तेल प्रायमरमध्ये शिरतं आणि काडतूस मुकं होतं.

चांगली दिसणारी उरली, तर रेंजवर सरावाला संपवा आणि बरोबर ठेवायला नवी घ्या. एखादं फुटलं नाही तर नळी लक्ष्याकडेच धरून 30 सेकंद थांबा, मगच उघडा. बाजूला काढलेली काडतुसं गोदावरीत सोडू नका, घंटागाडीतही टाकू नका. परवाना घेऊन दुकानदाराकडे किंवा पोलीस ठाण्यात जा, ती जमा करा आणि लेखी पोच घ्या. ती पोच परवान्याच्याच पाकिटात ठेवा, पुढच्या मोजणीत तीच कामी येईल.