घनता वाढली, पण हाड?

प्रश्न : माझ्या सासूबाई ६८ वर्षांच्या आहेत. मणक्याचा टी-स्कोअर (हाडांच्या घनतेचं माप) उणे ३.१ आला. डॉक्टरांनी अलेंड्रोनेटची गोळी दिली आहे, आठवड्यातून एकदा. माझ्या दिरांनी फार्मसीच्या जुन्या पुस्तकात वाचलं, की सोडियम फ्लोराइडने हाडांची घनता खूप वाढते. मग तेच का देत नाहीत?
– एक वाचक, तासगाव

उत्तर : तुमच्या दिरांनी वाचलं ते खरं आहे. घनता वाढते, आणि चांगलीच वाढते. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये रिग्ज आणि सहकाऱ्यांनी पाळी गेलेल्या, ऑस्टिओपोरोसिस (हाडं विरळ होऊन ठिसूळ होण्याचा आजार) असलेल्या २०२ स्त्रियांवर चार वर्षं हा प्रयोग केला. कॅल्शियम सगळ्यांनाच दिलं; निम्म्या जणींना त्यासोबत रोज ७५ मिलिग्रॅम सोडियम फ्लोराइड. १९९० साली निकाल छापून आला. फ्लोराइड घेणाऱ्यांच्या कमरेच्या मणक्यांची घनता ३५ टक्क्यांनी वाढली होती. पण मणके मोडायचे काही कमी झाले नाहीत. मणके सोडून इतर हाडांचे फ्रॅक्चर तर फ्लोराइड घेणाऱ्यांत ७२ आणि न घेणाऱ्यांत २४. कोपर ते मनगट या भागातल्या रेडियस हाडाच्या दांड्याची घनता उलट ४ टक्क्यांनी घटली. पोटाच्या तक्रारी आणि पायदुखी वेगळीच.

असं का व्हावं? तुम्ही तासगावच्या, द्राक्षाचा मांडव रोज बघता. नुसत्या अँगलवर मांडव उभा राहत नाही, आडव्या-उभ्या तारा ताणलेल्या असतात म्हणून तो घडांचं ओझं पेलतो. मणक्याच्या आतलं हाड असंच जाळीचं असतं. या आजारात ती जाळी विरते, तारा तुटतात. फ्लोराइड हाड बांधणाऱ्या पेशींना चेव आणतं, त्यामुळे उरलेल्या तारा जाड होतात. तुटलेल्या मात्र जोडल्या जात नाहीत. शिवाय फ्लोराइड हाडाच्या स्फटिकातच जाऊन बसतं. नवं हाड नीट पक्कं होत नाही, त्याची वीणही विस्कटलेली असते. घनता तपासणारं डेक्सा मशीन हाडात खनिज किती आहे ते मोजतं, वीण त्याला दिसत नाही. म्हणून रिपोर्ट सुधारतो आणि हाड ठिसूळच राहतं.

टूथपेस्ट मात्र बदलू नका. त्यातलं फ्लोराइड दातांपुरतं असतं आणि आपण ते थुंकून टाकतो.

दिलेली गोळी चांगली आहे. सकाळी उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर घ्यायची, चहाबरोबर नाही. नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही, काही खायचं नाही. एवढं पाळलं नाही तर अन्ननलिका जळू शकते आणि बायका गोळीच सोडून देतात. मिरजेला माझ्याकडे अशा किती तरी जणी येतात, आणि प्रत्येक वेळी जीव हळहळतो. कॅल्शियमची गोळी त्या अर्ध्या तासानंतरच द्या, आणि ड जीवनसत्त्व तपासून घ्या.

माझी आई न्हाणीघरात घसरली तेव्हा तिचं मनगट मोडलं. तिथे धरायला काहीच नव्हतं, आणि मी हाडांची डॉक्टर असून ते माझ्या लक्षात आलं नव्हतं. तुमच्या न्हाणीघरात भिंतीला दांडी आहे का? नसेल तर या आठवड्यात बसवून घ्या आणि मला कळवा.