निकाल ऐकून कुणी खचलं तर?

“मॅडम, निकाल ऐकून कुणी खचलं तर जबाबदार मीच ना?” संशोधनातल्या सहभागींना निकाल कळवायचं काम ज्यांच्याकडे असतं, त्या समन्वयकांकडून हा प्रश्न मला सारखा ऐकू येतो. त्यातलीच ही एक. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

अल्झायमरशी संबंधित एपीओई जनुकाचा निकाल सांगितल्यावर माणसं तो कसा घेतात, हेच तिच्या अभ्यासात पाहत होते. आईला स्मृतिभ्रंश झालेल्या एका निवृत्त शिक्षिकेने भेटीच्या आदल्या दिवशी फोन केला. “चांगलंच आहे ना? एवढंच सांगा.” फाइल हिच्यासमोर उघडी होती. ही जरा अडखळली आणि म्हणाली, “डॉक्टर सांगतील.” पलीकडून नुसतं “बरं” आलं, फोन बंद. तेव्हापासून हिची झोप उडाली.

उगाच घाबरतेस, असं मी तिला म्हटलं नाही. याच जनुकाचा निकाल सांगण्यावरच्या ‘रिव्हील’ अभ्यासाचे निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात अल्झायमर झालेल्यांची १६२ प्रौढ मुलं-मुली होती. निकाल कळलेल्या आणि न कळलेल्या गटांत वर्षभरात चिंता-नैराश्याच्या बाबतीत लक्षणीय फरक आढळला नाही. पण एवढ्यावर हुरळून जाऊ नये. ती माणसं आपणहून आली होती, त्यांना आधी नीट समजावलं होतं आणि तीव्र चिंता किंवा नैराश्य असलेल्यांना त्यात घेतलंच नव्हतं.

हिच्याकडे कच्चा दुवा निकाल नव्हता, तो फोन होता. बाईंनी हिच्या अडखळण्यातूनच निकाल काढून टाकला असणार.

मग आम्ही कामाची घडी बदलली. फोन घेणाऱ्याने फाइल उघडायचीच नाही, म्हणजे “मलाही माहीत नाही” हे खरंच असेल. निकाल सगळ्यांना समोर बसवूनच सांगायचा, सगळ्यांना वेळ सारखाच द्यायचा आणि हे संमतीपत्राच्या वेळीच सांगून ठेवायचं. सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी भेट ठेवायची नाही; माणूस घरी जाऊन प्रश्न घेऊन बसतो आणि उचलायला कुणी नसतं. निकाल हवा की नको, हे भेटीच्या दिवशी पुन्हा विचारायचं. आधी “हो” म्हटलेल्यालाही तेव्हा “नको” म्हणता आलं पाहिजे.

शिक्षिकाबाईंच्या निकालात या जनुकाच्या ई-४ या धोका वाढवणाऱ्या प्रकाराची एक प्रत निघाली. “म्हणजे मला होणारच?” नाही. धोका साधारण दोन-तीन पटींनी वाढतो, पण एक प्रत असलेल्या कित्येकांना हा आजार कधीच होत नाही आणि ती नसलेल्यांनाही होतो. त्या रडल्या नाहीत, चिडल्या. “एवढंच होतं तर काल रात्रभर जागवलंत कशाला?” मला तो राग रास्त वाटला. मग त्यांनी विचारलं, भावाला सांगायचं का? त्यासाठी वेगळी भेट ठरवली, कारण भावाला हे जाणून घ्यायचंच नसेल, हीही शक्यता होती.

समन्वयकाचा शेवटचा प्रश्न होता, “ज्यांनी स्वतःचा निकाल नको म्हटलं, त्यांचा विषय संपला ना?” संपला नाही. अभ्यासातून एकंदर काय निघालं हे जाणून घ्यायचा पर्याय प्रत्येक सहभागीला द्यावा, असं वैद्यकीय संशोधनाच्या नीतिनियमांच्या हेलसिंकी जाहीरनाम्याच्या २०१३ च्या आवृत्तीत म्हटलंय. तिने अर्जात त्यासाठी वेगळा रकाना घातला.